तोफेवरचा गंज

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या दारासमोर चंद्रभानभाऊ राहतात आणि घरबसल्या लढाया करतात. म्हणजे इतिहासातली जुनी तैलचित्रं लोकांच्या घरासाठी हातानं रंगवून देतात. कोणाला दरबार पाहिजे, कोणाला रणांगण, कोणाला सोफ्याच्या मापाचा वेढा. मूळ चित्र असतं दूर कुठल्याशा संग्रहालयात. भाऊंकडे त्याचा फोटो असतो आणि घराची पुढची खोली. त्या खोलीत दिवसभर सारखा उजेड येतो. रंगवायला तसाच लागतो.

तसाच उजेड पिको-फॉलच्या मशीनलाही लागतो, असं त्यांच्या बायकोचं, मायाचं, मत आहे. ते मत मी दिलेलं नाही. मी फक्त एकदा म्हणाले होते की आपल्या गल्लीत पिको करणारं कोणी नाही. त्यात गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं दरबाराचं चित्र परत पाठवलं. राजा त्याच्या साडूसारखा दिसत होता म्हणे. तो दरबार भिंतीला टेकून उभा राहिला आणि माया म्हणाली, "आता एक जरी चित्र वापस आलं, तं हे खोली माही."

"मंजूर," भाऊ म्हणाले.

मी साक्षीदार होते. कोणी बोलावलं नव्हतं, पण होते.

पुढची ऑर्डर अमरावतीची आली. चांदूर बाजारचे संत्र्याचे बागायतदार खुशालराव यांनी अमरावतीत नवं घर बांधलं. त्यांची सून आकांक्षा पुण्याची. हॉलसाठी तिनं वेढ्याचं चित्र निवडलं: पुढे भली मोठी तोफ, मागे धुरात किल्ला. भाऊंनी जीव ओतून रंगवलं आणि फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "काका, अप्रतिम! फक्त तोफ नवीकोरी वाटतेय. तिच्यावर गंज दाखवा ना. जुना, खरा वाटेल असा."

आता वऱ्हाडात गंज म्हणजे पातेलं. लोखंडाला जे लागतं त्याला आम्ही जंग म्हणतो. त्यामुळे निरोपात न समजण्यासारखं काही नव्हतं.

"तोफेवर गंज कायले?" मायानं विचारलं.

"काहून? फौजेले चहा लागत नाई?"

नमुन्याला आमच्या घरचा दुधाचा गंज गेला. भाऊंनी त्याचा एकेक पोचा टिपला, बुडाची काजळी टिपली, उतू गेलेल्या दुधाचा ओघळसुद्धा सोडला नाही. सगळी गल्ली येऊन पाहून गेली. कोणालाच काही खटकलं नाही. उलट, आता कुठं तोफ वापरातली वाटते, असंच सगळे म्हणाले.

चित्र टेम्पोनं अमरावतीला गेलं आणि संध्याकाळी आकांक्षाचा फोन आला. भाऊ फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, ही त्यांची सवय फार चांगली आहे.

"काका, तोफेवर पातेलं का आहे?"

"तुमीच तं म्हणलं, गंज दाखवा."

"अहो, गंज म्हणजे गंज! लोखंडावर चढतो तो!"

"त्याले जंग म्हणतात, बेटा."

मग ती म्हणाली, "मी चित्र परत पाठवते. तेवढं दुरुस्त करा."

परत हा शब्द स्वयंपाकघरात पोचला. माया टेप घेऊन बाहेर आली आणि खिडकीखालची जागा मोजू लागली.

"पाठवू नका!" भाऊ फोनमध्ये ओरडले. "मीच येतो. भिंतीवरच करून देतो."

सकाळी भाऊ रंगाची पेटी घेऊन अमरावतीच्या बसमध्ये बसले. माझं अमरावतीत काहीच काम नव्हतं, म्हणून मीही गेले.

हॉलमध्ये चित्र टांगलेलं होतं. खुशालराव समोर खुर्ची टाकून बसले होते. भाऊंनी स्टुलावर चढून ब्रश काढला, तर त्यांच्या मागे खुशालरावांच्या मंडळी रुख्मिणीबाई येऊन उभ्या.

"काय पुसून राहिले, भाऊ?"

"गंज, वैनी."

"काहून? एवढ्या मोठ्या चित्रात मले ओयखू आलेली तेवढीच तं वस्तू हाय."

"आई, तोफेवर कोणी पातेलं ठेवतं का?" आकांक्षा म्हणाली.

"तोफ चालली का गरम होतेच," खुशालराव म्हणाले. "मंग दूध तापवाले काय जाते?"

"पण बाबा, मला गंज हवा होता!"

"मंग हायच नं."

आकांक्षानं सासऱ्यांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, दुधाचाच आहे, आमचाच. ती सोफ्यावर बसली.

"काका," ती शेवटी म्हणाली, "पातेलं राहू द्या. पण तोफेला जरा... जंग लावा."

भाऊंनी तोफेवर तांबूस जंग चढवला, पातेल्याला धक्का न लावता. खाली उतरणार, तर रुख्मिणीबाई म्हणाल्या, "अन् झाकण? एवढ्या धुरात दूध उघडं?"

झाकणही झालं.

अकोल्यात माया दारातच उभी होती.

"चित्र कुठी हाय?"

"भिंतीवर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "खरं काय, ताई?"

"खरं," मी म्हटलं. काय करता, साक्षीदार होते.

खोली भाऊंचीच राहिली. पण मायानं मशीनचे पैसे आदल्या दिवशीच भरून टाकले होते. मशीन आली आणि आमच्या व्हरांड्यात बसली. सकाळी सातपासून खडखड सुरू होते. जागा भाऊंनीच सुचवली म्हणे.