पाठ फिरवलेले आरसे

इगतपुरीजवळच्या धरणात आमचा तराफा तरंगत होता. त्यावरचे आरसे सूर्याबरोबर फिरत आणि सगळं ऊन छोट्या छोट्या सौरपेशींवर एकवटत. पेशी तापल्या की वीज कमी होते. फारच तापल्या तर जळतात. म्हणून पंप धरणाचंच पाणी ओढून त्यांच्या मागून खेळवायचा. त्या थंड ठेवणं हे माझं काम.

या कामाने माझी स्वस्थता पार घालवली. पंचवटीत भाजी घेतानाही मी मोबाइलवर तापमान बघत राहायचे. आई वैतागायची, "अगं, पिशवी तरी उघड!"

मे महिन्यात प्रकल्प बघायला पाहुणे यायचे होते. मी आणि माझा सहकारी सकाळपासून तराफ्यावर. दुपारी तापमानाचा आकडा चढायला लागला. पंप चालू, पण पाणी येईना.

"पाइपच्या तोंडाच्या जाळीत शेवाळ अडकलं असणार," तो म्हणाला.

काठावर थांबलेल्या साहेबांना मी फोन लावला. "सर, आरसे फिरवून घेते."

"पाहुणे घोटीपर्यंत आलेत. थोडा वेळ तसंच चालू ठेव की!"

आकडा चढतच होता. मी दोनदा आरसे फिरवायच्या बटणापर्यंत हात नेला, मागे घेतला. नोकरी जाईल, असंही वाटून गेलं. मग बटण दाबलंच. आरसे हळूहळू वळले आणि सूर्याकडे पाठ करून थांबले.

पंप बंद करून, लाइफ जॅकेट घालून मी पाण्यात उतरले. जाळीतून शेवाळाचे लगदे उपसताना जाणवलं, छातीशी पाणी चक्क कोमट होतं आणि पाय मात्र गारठत होते. आमचा पाइप नेमका वरचं, उन्हाने तापलेलं पाणी ओढत होता!

पाहुण्यांना आरशांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. माझ्याकडे न बघता साहेबांनी त्यांना चहाला नेलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पेशी तपासल्या. एकही जळली नव्हती. मग मी त्यांना वरच्या कोमट पाण्याचं सांगितलं.

"पाइप किती खाली सोडायचा म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

आम्ही तो बराच खोल सोडला. तेव्हापासून दुपारची वीजनिर्मिती पूर्वीइतकी घटत नाही. साहेब आता पाहुण्यांना ते कौतुकाने सांगतात. मी शेजारी उभी असते, पण माझं लक्ष पाण्याकडे. उन्हाळ्यात धरण आटतं, तराफा खाली येतो आणि पाइपचं तोंड तळच्या गाळाच्या जवळ जातं. सध्या मला त्याचाच घोर लागलाय.