जयवंताचे गोल ओठ

जयवंता १९७४ साली बोरगाव मेघ्याला माझ्या घरी जर्मन शिकायला येई. वर्ध्याजवळच्या खेड्यातल्या कास्तकाराची मुलगी, नर्सिंग पहिल्या वर्गात पास. जर्मनीतल्या एका इस्पितळानं तिला निवडलं होतं. आता नागपूरला तोंडी परीक्षा तेवढी उरली होती. नापास झाली की घरचे तिचं लग्न लावून मोकळे होणार, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

सगळं जमलं, एक स्वर सोडून. तो आपल्याकडे नाहीच. फ्रेंचांकडे आहे, तुर्कांकडे आहे, चिनी माणूस मासा म्हणताना तोच काढतो. जीभ ‘ई’सारखी पुढे आणि वर, ओठ मात्र ‘ऊ’चे गोल, आणि दोन्ही एकदम. जयवंता म्हणे ‘ऊ’, नाही तर सरळ ‘ई’. आणि जर्मनांच्या ‘दार’ या शब्दात हाच स्वर; तिथे ‘ई’ घातला की त्याचं जनावर होतं.

“रोग्याला सांगशील, जनावर लावून घ्या! ओठ पुढे काढ.”

“काढले न बाई!”

कसले काढले? पदर तोंडावर. मी वैतागले.

परीक्षेला चार दिवस होते. तिचे वडील महादेवराव बाजारात कापूस घालून रिकामी गाडी घेऊन आले. बैल सोडले, बादली पुढे ठेवली. बैल ढिम्म. धन्यानं हलकी शिटी वाजवल्याशिवाय ते पाण्याला तोंड लावत नसत. महादेवरावांनी फुंकर घातली, नुसताच वारा.

“परवा समोरचे दात काहाडले न बाई, हवाच निघून राह्यली. जयू, तू वाजव.”

“मी? बाईंसमोर?”

“काऊन? लहानपणी तूच तं पाजे यायले.”

“अन् आजीनं मारलं होतं मले! पोरीनं शिटी वाजवू नाई म्हणून.”

“बाई काय आजी हायेत?”

“मी आजीपेक्षा वाईट आहे,” मी म्हटलं. “वाजव!”

पदर खाली आला. ओठ पुढे आले, छान गोल, आणि बारीक गोड शिटी निघाली. बैलांनी बादलीत माना घातल्या.

“हलू नकोस! ओठ तसेच ठेव आणि ‘ई’ म्हण.”

आला! स्वच्छ, काठोकाठ. ती दचकली, मग हसत सुटली आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

“जनावराले बोलावून राह्यली का हे?” महादेवरावांनी विचारलं.

“नाही हो, आता कुठे दार म्हणते आहे!”

नागपूरला मी बाहेर बाकावर बसले होते. दाराच्या फटीतून तिचा आवाज येत होता, मोकळा, न अडखळता. अर्ध्या तासानं बाहेर आली ती धावतच.

“बाई, पास! पुढच्या महिन्यात निघायचं.”

महादेवरावांना निरोप दिला तर ते म्हणाले, “तिकडं थंडी लय असन न? घरच्या कापसाची गादी भरून देतो. बाई, विमानात गादी घेऊ देतात का?”

मी कधी विमानात बसले होते? तरी ठोकून दिलं, “देतात.”