बारामतीत आलेलं समुद्राचं पाणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधी सांगून टाकतो. मी देवगडच्या बाजूचा. इकडे देशावर कोकणातला माणूस दिसला की लोक तंबाखू मळता मळता विचारतात, "तुमच्याकडं भुतं लई असत्यात म्हनं?" असतील. मला एकही भेटलं नाही. आणि जे मी लिहिणार आहे त्यात भूत नाहीच. नुसतं पाणी आहे.

शाळा मी चौथीत सोडली. लिहायची सवय नाही. या मासिकात इतर वाचकांचे अनुभव वाचून धीर केला. शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं, पण मजकूर बदलू नये ही हात जोडून विनंती... कारण मी वाढवून काही लिहिलेलं नाही.

सन चौतीस-पस्तीसच्या थंडीतली गोष्ट. तेव्हा मी बारामतीत ऑइल इंजिनांचं रिपेअरचं काम करत होतो. हंगामात गुऱ्हाळं सुरू झाली की आज पिंपळी, उद्या निरवांगी, असं फिरायचं. राहायला कऱ्हा नदीच्या अलीकडे एक कौलारू घर होतं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मी आणि तात्या. तात्या मूळचे बावड्याचे, गुळाच्या आडतीवर तोलाईचं काम करायचे. वय पन्नाशीच्या पुढचं, तोंड फटकळ. आतल्या खोलीत केशवराव.

केशवराव मुंबईचे. कॉलेजात समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करत होते, एम.एस्सी.ची डिग्री घ्यायची होती. पण त्यांना दमा. डॉक्टरनं सांगितलं, समुद्राची दमट हवा सोडा, देशावर कोरड्या हवेत जाऊन राहा. अभ्यास समुद्राचा आणि समुद्राचीच बंदी! मग त्यांनी काय केलं, तर समुद्र थोडासा बरोबर घेऊन आले. एक मोठी काचेची पेटी, तिच्यात खारं पाणी, आणि पाण्यात दगडांना चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्यात राहणारे जीव. समुद्रापासून इतक्या लांब नेली तरी कालवं भरती-ओहोटीच्या वेळा पाळतात का, उघडमीट करतात का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी मुंबईहून वेताच्या टोपलीत बसवलेले काचेचे बुधले यायचे, समुद्राच्या पाण्यानं भरलेले. आधी दौंडपर्यंत मोठ्या गाडीनं, तिथून छोट्या गाडीनं बारामतीला.

तात्यांना कालवं म्हणजे दगडच वाटायचे. केशवरावांना ते मास्तर म्हणायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "लोक कुत्रं पाळत्यात, पोपट पाळत्यात. आमच्या मास्तरनं धोंडं पाळल्यात. आन् पानी बी त्येंला मुंबईचं लागतंय, हितलं चालत न्हाय!"

केशवराव हसायचे. खोकला आला तरी हसायचे.

त्यांचे माझ्यावर उपकार होते. मी बारामतीत आलो तेव्हा हिवतापानं फणफणलेला होतो. परका माणूस, वर आजारी, कोणी ओसरीवरसुद्धा टेकू देईना. केशवरावांनी आत घेतलं, स्वतःची घोंगडी दिली, क्विनीन पाजलं. पुढं बरा झाल्यावरही जा म्हणाले नाहीत. मला मात्र रोज सकाळी उठताना वाटायचं, आज म्हणतील. म्हणून मी त्यांची खोली झाडायचो, बुधले स्टेशनावरून आणायचो, काच पुसायचो. सांगितलेलं नसतानाही.

पौषात त्यांचा दमा उसळला. रात्ररात्र बसून काढायला लागले. शेवटी पुण्याला डॉक्टरकडे जायचं ठरलं. त्याच सुमाराला त्यांचे प्रोफेसर कालवं बघायला बारामतीत येणार होते. प्रोफेसर समाधानी झाले तर शिष्यवृत्ती चालू राहणार, नाहीतर सगळं बंद. जाताना केशवराव मला म्हणाले, "सखाराम, नवा बुधला आला की अर्धं पाणी बदल. बाकी काही करू नकोस. काही चांगलं सुचलं तरी करू नकोस."

खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. मी ती करगोट्याला बांधली.

बुधला आला, पण फुटलेला. टोपली ओली, आत काचा. पार्सलबाबू म्हणाला, "गाडीतच फुटला असेल. घेऊन जा, नाहीतर इथंच टाक. सही कर म्हणजे झालं." मी सही केली.

पेटीतलं पाणी तोवर गढूळ झालं होतं, वास यायला लागला होता. कालवं तोंड वासून पडली होती. जिवंत कालवाला नख लावलं की ते चटकन मिटतं. ही मिटत नव्हती... मिटली तरी अर्धवट. मुंबईला तार केली. पण दुसरा बुधला येईपर्यंत काही उरणार नाही हे दिसत होतं.

तात्या म्हणाले, "आरं, पसाभर मीठ टाक की पान्यात. खारं ते खारं."

"नको तात्या. ते म्हणाले होते, दुसरं काही करायचं नाही."

"मंग बघत बस. धोंडं मराय लागलं म्हनून रडनारा तू पयलाच."

मी रडत नव्हतो. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं. हातपाय चालत होते, जेवत होतो, पण आत सगळं बधिर झाल्यासारखं. त्यातच निरवांगीहून माणूस आला, गुऱ्हाळावरचं इंजिन बंद पडलंय, रस काढलेला तसाच आहे, ताबडतोब चला. मी खोलीला कुलूप लावलं आणि गेलो. केशवरावांना काय तोंड दाखवायचं याचा विचारसुद्धा मनात टिकत नव्हता. इंजिन खोललं, धुतलं, बसवलं. मालकानं ताजा गूळ पुढं केला, खाल्ला. गोड लागला एवढं कळलं.

परत आलो तेव्हा टळटळीत दुपार होती. दारात तात्या कमरेवर हात ठेवून उभे.

"ये रं कोकण्या! तुझा समिंदर हितं मोकाट सुटलाय. माझं हांथरून भिजवलंस की!"

आतल्या खोलीच्या दाराखालून पाणी आलं होतं. बाहेरची जमीन निम्मी ओली. मला वाटलं पेटी फुटली. गढूळ, घाण पाणी असेल म्हणून मी वाकलो, तर पाणी स्वच्छ. तात्यांनी बोट बुडवून जिभेला लावलेलं होतं. "खारं हाय. म्या चाखलं. आन् वास बी न्हाय त्येला."

कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या करगोट्याला. मी तात्यांच्या समोर कुलूप काढलं.

पेटी शाबूत होती. काठोकाठ भरलेली, इतकी की पाणी काठावरून सांडून खाली ओघळत होतं. पाणी नितळ, हिरवट झाक असलेलं. कालवं किंचित उघडी, जशी असायला हवीत तशी. एकाला नख लावलं... चटकन मिटलं. दुसऱ्याला लावलं, तेही. खाली जमिनीवर पेटीपासून दारापर्यंत बारीक रेती पसरली होती. कऱ्हेची वाळू मला माहीत आहे, ती जाड, पायाला टोचणारी. ही आमच्याकडच्यासारखी समुद्रकाठची पुळण होती, मऊ, तिच्यात शिंपल्यांचा चुरा.

खोलीला एकच खिडकी, तिला लोखंडी गज. कौलं जागच्या जागी. पाऊस पडलेला नव्हता.

तात्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "कुनीतरी करनी केलीया ह्या घरावर. मी आज आडतीवरच झोपतो. तू बी चल."

मी गेलो नाही. रेती गोळा केली, जमीन पुसली, भाकरी भाजली. भीती वाटायला हवी होती हे मला कळत होतं. वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी केशवराव आले. चेहरा उतरलेला, पण श्वास बरा होता. पेटी बघून त्यांचे डोळेच चमकले. "शाबास रे सखाराम! किती नितळ ठेवलंस!" मग मी झालेलं सगळं सांगितलं. फुटलेला बुधला, निरवांगी, कुलूप, सगळं.

 त्यांच्याकडे पाण्यात उभी तरंगणारी एक काचेची नळी होती, खारेपणा मोजायची. ती सोडून बघितली. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ बघत राहिले.

"मीठ टाकलंस?"

"नाही."

"मीठ नाहीच हे. यात जीव आहेत, वळवळताहेत. हे समुद्रातच असतात." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "सखाराम, पाणी कुठून आणलंस? मी रागावणार नाही."

"मी आणलं नाही."

ते स्टेशनावर जाऊन आले. पार्सलबाबूनं सांगितलं, एकच बुधला आला होता आणि तो फुटलेला होता. तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "म्या चाखलं पानी, देवाशपथ. पन ह्ये पोरगं निरवांगीला व्हतं, ह्ये बी खरं हाय."

संध्याकाळी केशवराव पेटीसमोर बसले होते. मी दिवा लावून ठेवला. ते म्हणाले, "परवा सर येतील. पहिला प्रश्न विचारतील, पाणी कुठलं? कधी बदललं? ते मला सांगता आलं नाही तर या कालवांबद्दल मी एक ओळसुद्धा लिहू शकत नाही. वर्षभराचं सगळं फुकट. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग तू एवढंच म्हण, की दुसरा बुधला आला होता. मुंबईचा. कुणीतरी आणून दिला, तुझ्या लक्षात राहिलं नाही. तू म्हण, मी मानीन. पुन्हा कधी विचारणार नाही."

बाहेरून तात्या मला खुणावत होते, व्हय म्हन, व्हय म्हन.

माझ्या तोंडात शब्द आला होता. या माणसानं मला घोंगडी दिली होती. पण हेही वाटलं, की ज्या पाण्याचं मलाच माहीत नाही ते मुंबईचं म्हणून याच्या पदरात कसं घालू... आणि उद्या ते याच्या नावानं छापून येईल. मी म्हणालो, "नाही आला केशवराव. एकच आला होता. फुटलेला."

 ते म्हणाले, "बरं."

प्रोफेसर आले. उंच, सुटाबुटातले, धुळीनं वैतागलेले. पेटीत डोकावून खूश झाले. केशवरावांनी सांगितलं, "सर, प्रयोग फसला. पाण्याचा हिशेब लागत नाही." सर आधी हसले, मग चिडले. "जिवंत कालवं समोर आहेत, बारामतीत! आणि तुम्ही म्हणता फसला? डोकं ठिकाणावर आहे का?" केशवरावांनी मान खाली घातली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. सर त्याच दिवशीच्या गाडीनं गेले.

पुढच्या आठवड्यात केशवरावांनी घर सोडलं. कालवं ओल्या गोणपाटात गुंडाळली. मुंबईला नेऊन खडकांवर सोडणार होते. डॉक्टरचं काय, असं मी स्टेशनावर विचारलं. "बघू," म्हणाले. तात्यांनी त्यांना गुळाची ढेप दिली आणि म्हणाले, "मास्तर, आता म्हस पाळा, म्हस! पानी कुठलं बी चालतंय तिला." केशवराव खोकत खोकत हसले. गाडी सुटली. मला तेव्हाही काही वाटलं नाही. परत येऊन मी एका इंजिनाचा पंप साफ केला.

आता मी इंदापुरात असतो. ते पाणी कुठून आलं, का आलं, हे मला माहीत नाही. तात्या आजही करणी म्हणतात. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातले निम्मे माझ्याकडे बघून डोळा मिचकावतात, म्हणजे लबाडी माझीच. मी वाद घालत नाही.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. गेल्या हंगामात असाच इंजिनाखाली पडून नट आवळत होतो, तेव्हा एकदम लक्षात आलं. बुधल्याबद्दल मी खोटं बोलतोय असं केशवरावांना वाटलं असतं, तर पाणी मुंबईचंच समजून ते पुढं लिहीत बसले असते. डिग्री मिळाली असती. त्यांनी काम सोडलं ते माझं बोलणं खरं मानलं म्हणून. चौथी शिकलेल्या माणसाच्या एका वाक्यावर. हात तसाच पान्यावर राहिला. मालक विचारायला लागला, काय रं, काय झालं? मी नट पुन्हा आवळायला घेतला.

ते कुठं आहेत मला ठाऊक नाही. हे मासिक मुंबईत जातं असं ऐकतो. केशवराव, वाचत असाल तर... दुसरा बुधला आला नव्हता. आजही माझं तेवढंच म्हणणं आहे.