डाव्या कोपऱ्यातली फट

कुणाचं शटर अडलं की लोक डोळे झाकून शटरमास्तरांना हाक मारायचे. माणूस हाडाचा कारागीर. पण घरचं काम निघालं की यांना कुठूनसा आळस यायचा. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" बायको म्हणायची.

त्यांच्या गॅरेजात गाडी कधी लागलीच नाही. तिथं बायकोचा दुसरा संसार होता, कागदाच्या लगद्याच्या बाहुल्यांचा. रद्दी भिजवायची, कुटायची, खळीत मळायची, डोकी घडवून उन्हात वाळवायची, रंगवायची आणि शाळाशाळांतून खेळ करायचे. राजा होता, चेटकीण होती, थापाड्या कोल्हा होता आणि एक फौजदार होता. त्याच्या मिशा हुबेहूब मास्तरांच्या. फौजदार तोंडावर आपटला की पोरं खिदळायची आणि मागच्या बाकावर मास्तर हळूच स्वतःच्या मिशीवरून हात फिरवायचे.

गॅरेजचं शटर रस्त्याच्या बाजूला. जोराचा पाऊस झाला की त्याखालून पाणी आत शिरायचं. म्हणून बाहुल्यांच्या पेट्या वर फळीवर असायच्या. पण फळी वाकायला लागली होती.

"अहो, त्या दाराचं एकदा बघा ना."

"बघतो गं."

असं बघता बघता वर्ष गेलं. शेवटी एका रविवारी मास्तरांनी कुठल्याशा कामातली उरलेली रबरी पट्टी शटरच्या तळाला ठोकली. शटर खाली ओढलं. मधे पट्टी जमिनीला छान टेकली, पण डाव्या कोपऱ्यात फरशी खचलेली होती. तिथं दोन बोटं सहज जातील एवढी फट राहिली. मास्तरांना ती दिसली. गिऱ्हाइकाचं काम असतं तर फरशी भरून घेतल्याशिवाय ते उठले नसते. पण मित्रमंडळी पत्त्यांना खोळंबली होती. त्यांनी फटीत एक चिंधी कोंबली आणि हात झटकले.

"झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं. आता थेंब यायचा नाही."

त्या शब्दावर तिनं पेट्या फळीवरून उतरवून जमिनीवर मांडल्या.

थोड्याच दिवसांत लेकीला मुलगा झाला आणि दोघं तिच्या गावी गेली. तिथं असतानाच बातमी आली, की घराकडे पाऊस कोसळतोय. बायको नातवाला न्हाऊ घालत होती. मास्तर फोन घेऊन बाहेर आले. शेजाऱ्याकडे किल्ली होती. एक फोन केला असता, तर त्यानं पेट्या उचलून वर ठेवल्या असत्या. पण मग बायको विचारणार, "थेंब यायचा नव्हता ना? मग फोन कशाला?" चिंधीचं पितळ उघडं पडलं असतं. मास्तरांनी फोन खिशात टाकला. चिंधी धरेल, अशी मनाची समजूत घातली.

चिंधीनं काही धरलं नाही. परत येऊन शटर वर केलं, तर आतून ओल्या कागदाचा कुबट वास आला. पाणी ओसरलं होतं, पण पेट्यांचे तळ अजून भिजलेले होते. राजाचं नाक चेटकिणीच्या गालाला चिकटलं होतं. बायकोनं फौजदाराला उचललं, तर डोकं तिच्या हातात राहिलं आणि अंग खाली पडलं. मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिनं पायाच्या अंगठ्यानं चिंधी ओढून काढली.

"झालं म्हणाला होतात तुम्ही."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

ती ओरडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती खाली बसून लगदा भरायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी कामाला हात घातला. खचलेला कोपरा सिमेंटनं भरला. फरशी घासून कोरडी केली आणि दाराच्या रुंदीभर रबरी उंबरा चिकटवला. शटरची पट्टी बदलली, दोन्ही कडांच्या फटी बुजवल्या. बाहेर आडवा चर खणून त्यावर जाळी बसवली, म्हणजे पाणी दारापर्यंत पोचायच्या आतच गटाराला लागावं. मग पाइप लावून बराच वेळ पाणी मारलं. आतली फरशी कोरडी ठणठणीत. त्यांनी बायकोला बोलावलं.

"छान झालं," ती म्हणाली. "आता गाडी लावत जा इथं."

त्यानंतर शाळांचे फोन यायचे. "खेळ बंद केले हो," एवढं सांगून ती ठेवून द्यायची.

एकदा मास्तरांनी स्वतःच रद्दी भिजवली आणि एक डोकं घडवलं. ते बघून बायको इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. "हा फौजदार की रताळं?" मास्तरांना आशा वाटली.

"तू शिकव ना. दोघं मिळून नव्यानं करू."

तिनं ते डोकं हातात फिरवलं, कानाजवळ अंगठ्यानं थोडं दाबलं आणि परत ठेवून दिलं. "करायला येईल हो. पण आता उमेद नाही. नशिबात नव्हतं म्हणायचं. इतका पाऊस पडेल हे कुणाला ठाऊक होतं?"

मला ठाऊक होतं, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती तोवर हात धुवायला उठली आणि त्यांनी तिला जाऊ दिलं.