चिखलदऱ्याचा पुसट फोटो

चिखलदऱ्याच्या कॉफीचं पाकीट कापलं, की त्या कडवट वासासोबत मला अकोल्याच्या घरातली ती दुपार आठवते. आईबाबांच्या लग्नाच्या पन्नाशीसाठी मी लॅपटॉपवर फोटोंचं प्रेझेंटेशन करत होतो आणि त्यांचा चिखलदऱ्याचा तरुणपणीचा फोटो काही केल्या स्वच्छ दिसेना. आई मागून डोकावली, ‘‘माह्यं तोंड कावून असं पुसून गेलं रे?’’ मग लक्षात आलं, फाइल उघडण्याआधी जे बारकं चित्र दिसतं, तेच मी स्लाइडवर ताणलं होतं. मूळ फाइल टाकली, तसा फोटो लख्ख झाला आणि आईच्या अंगावरची भारी शाल चक्क पलंगावरची चादर निघाली. ‘‘यायनं माह्यं स्वेटर बसमंधी इसरलं व्हतं,’’ आई बाबांकडे बघून फणकारली. बाबा पेपरमागून म्हणाले, ‘‘मंग कपडे बांधलेलं गाठोडं सोडून त्याची चादर कोनं देल्ली?’’ आई मला म्हणाली, ‘‘सोयऱ्यायले चादर दिसन. पयलाच ठेव.’’ मी पुसट फोटो परत लावला. आता दोघंही नाहीत. लख्ख फोटो माझ्या भिंतीवर आहे. त्या दुपारी आम्ही फक्त चादर पाहिली. गाठोड्यातले सगळे कपडे काखेत धरून आईशेजारी हसणारे बाबा मला आता दिसतात.