तीन आन्ना आणि एक अण्णा

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात बोंगाळ्यांचं अस्तराचं आणि परकराच्या कापडाचं दुकान कुठं, असं कुणालाही विचारा. 'अण्णांचं ना?' असं आधी विचारेल आणि मगच रस्ता दाखवेल. हणमंत बोंगाळे हे नाव लाइट बिलावर आणि आधार कार्डावर तेवढं. एरवी मराठी गिऱ्हाईक असो, कन्नड हमाल असो की पोटची पोरगी, सगळ्यांचे ते अण्णा. बायको रुक्मिणीबाई त्यांना 'अहो' म्हणतात, आणि चारचौघांत त्यांच्याविषयी बोलायचं झालं तर त्याही 'अण्णा'च म्हणतात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे त्यांच्या आईनं घालून दिलेलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं, तर बाईंनी चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवलं. आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

मुलगी अर्चना नोकरीनिमित्त इटलीत, मिलानला. तिनं दोघांना महिनाभर बोलावून घेतलं, आणि एका गुरुवारी तिला सुट्टी मिळेना म्हणून टूरच्या बसमध्ये बसवून दिलं. डोंगरावरचं जुनं गाव बघायला. गावाचं नाव मोंते-काहीतरी. पुढचं अण्णांना आजही सांगता येत नाही. गाइड एक तरणा माणूस होता. त्यानं उतरतानाच सगळ्यांना बजावलं, पाचला बस वेशीपाशी उभी असेल, कुणासाठी थांबायची नाही.

गाव सगळं चढाचं आणि पायऱ्यांचं. चौकातल्या चर्चपर्यंत येईतो रुक्मिणीबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले. अण्णांना वरचा बुरूज बघायचाच होता. त्यांनी तिला पायरीवर सावलीत बसवलं, एकटी आहे म्हणून दोघांतला एकुलता फोन तिच्या पिशवीत टाकला आणि म्हणाले, "अर्ध्या तासात आलो. मी येईपर्यंत इथनं उठू नकोस."

"मी कुठं जाते?" त्या म्हणाल्या.

अण्णा रस्ते लक्षात ठेवतात ते कापडावरून. जन्म गेला त्यात. इथंही बोळाबोळांत दोरीवर धुणं वाळत घातलेलं बघून त्यांना बरं वाटलं. पहिल्या वळणावर राणी रंगाची चादर, त्यांच्या रंगांच्या शेडकार्डावर सदतीस नंबर. दुसऱ्यावर मोरपंखी टॉवेल. तिसऱ्यावर लिंबू रंगाचं टेबलावरचं कापड, जरा विटलेलं. तीन खुणा मनात धरून अण्णा बुरजावर गेले, चहूकडचे डोंगर बघितले आणि खूश होऊन उतरले.

खाली येऊन बघतात तर ना राणी, ना मोरपंखी. ऊन कडक, वर डोंगरावरचा वारा. असल्या हवेत कपडे वाळायला किती वेळ लागतो, हे काय कापडवाल्याला सांगायला पाहिजे होतं? बायकांनी धुणं काढून घड्या घालून आत नेलंसुद्धा. मागे राहिल्या नुसत्या दोऱ्या, आणि दोऱ्या सगळ्या सारख्या.

जुन्या हुबळीच्या बोळांतून डोळे मिटून जाणारा हा माणूस, इथं डोळे फाडून हिंडला तरी रस्ता सापडेना. तोच दगड, त्याच पायऱ्या, खिडकीत त्याच लाल फुलांच्या कुंड्या. उतरावं तर रस्ता पुढं चढायला लागायचा. एका कारंज्यापाशी ते तीनदा येऊन पोचले. तिसऱ्यांदा कारंज्याचाच राग आला त्यांना.

दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. अण्णांचं इंग्रजी दोन वाक्यांत संपलं. ते संपल्यावर तोंडात आपोआप कन्नड आलं. घरात मराठी आणि परक्याशी कन्नड, ही हुबळीतली सवय. आता ह्या बाईइतकं परकं दुसरं कोण मिळणार? "चर्च एल्लि, अक्का?" त्यांनी विचारलं. एल्लि म्हणजे कुठं.

म्हातारीनं बोट वर लांब कुठंतरी दाखवलं आणि म्हणाली, "ली, ली!"

तिच्या भाषेत ली म्हणजे तिथं. अण्णांना ऐकू आलं 'इल्लि, इल्लि'. म्हणजे इथं, इथं. बोट डोंगराकडं आणि तोंडानं इथं! अण्णांनी तिच्या मागे घरात डोकावून बघितलं. आत एक मांजर होतं.

तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली, "आन्ना! आन्ना!"

जीव भांड्यात पडला. "आलो, आलो," म्हणत अण्णा चाळीसेक पायऱ्या धापा टाकत चढले. वर खिडकीतली बाई त्यांच्याकडं बघतच नव्हती. शेंगांची टोपली घेतलेली एक सत्तरीची बाई अण्णांना ओलांडून पुढं गेली आणि तिच्याशी बोलायला लागली. दहा मिनिटांनी दुसऱ्या गल्लीत पुन्हा "आन्ना!" अण्णा पुन्हा धावले. या वेळी चष्मा लावलेली एक बाई सायकल ढकलत आली. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. इथं हे बायकांचं नाव आहे. एवढ्या वर्षांत कमावलेला मान एका दुपारी बायकांच्या वाटणीला गेला.

घड्याळाच्या मनोऱ्यात पावणेपाचचे ठोके पडले. अण्णा मटकन एका पायरीवर बसले. बसचं त्यांना काही नव्हतं. त्यांना रुक्मिणीबाई दिसत होत्या. ना इंग्रजी, ना हिंदी, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. उठू नकोस म्हटलंय ना, मग उठायची नाही. बस गेली, अंधारलं, तरी उठायची नाही. आपण बुरूज बघायला गेलो आणि बायकोला परमुलखात दगडावर ठेवून आलो, या विचारानं त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. भीतीही वाटली.

मग खालून पुरुषांचे आवाज आले. दोघेजण दोन बाजूंनी ओरडत होते, "आन्ना! आन्ना!"

अण्णा हलले नाहीत. दोनदा फसलो तेवढं बास झालं. समोरची खिडकी उघडून एका तरुण बाईनं खाली ओरडून उत्तरही दिलं. ही तिसरी. ओरडणारे निघून गेले. पाचचे ठोके पडले.

"हणमंत!"

अण्णांना वाटलं भास झाला. अशी नुसती हाक मारायची त्यांची आई, आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली.

"हणमंत! हणमंत बोंगाळे!" आवाज घोगरा, ओरडून ओरडून फाटलेला.

अण्णा उठून आवाजाच्या दिशेनं पळाले. वळणाखाली भिंतीला धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत रुक्मिणीबाई चढत होत्या. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. अण्णांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"उठलीस कशी तू?"

"मग काय करू? अर्चनाचा फोन लागेना. बोलवायला आलेल्या त्या गाइडला हातवारे करून तुम्हाला शोधायला सांगितलं. त्यानं 'नेम' विचारलं तेवढं कळलं, मी अण्णा म्हणून सांगितलं. तो आणि ड्रायव्हर गावभर ओरडत हिंडले, तर दरवेळी बायकाच यायला लागल्या." त्या खाली बसल्या. "बस थांबवून धरलीय. हात द्या, अहो. गुडघे गेले माझे."

अण्णांनी हात दिला. हुबळीत भर रस्त्यात त्यांनी तो कधी धरला नव्हता. दोघं हळूहळू उतरायला लागले. खिडक्यांतून लोक बघत होते.

थोडं उतरल्यावर रुक्मिणीबाई खाली बघत म्हणाल्या, "कुणी ऐकलं नसेल ना?"

"सगळ्या गावानं ऐकलं."

"ते असू दे. आपल्यातलं कुणी नव्हतं ना?"

"मी होतो की," अण्णा म्हणाले.