कोपऱ्यातला कॉम्प्युटर

आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत होती. त्याला कोपरा धरणं म्हणत. घरातली एक जागा ठरायची. तिने तिथेच बसायचं, भेटायला येणाऱ्या बायकांनी तिथेच यायचं, आणि मुदत भरली की माहेरचं कुणीतरी येऊन तिला बाहेर काढायचं. शेवगावच्या घरात माझ्यासाठी मधल्या खोलीचा कोपरा ठरला. त्याच कोपऱ्यात कॉम्प्युटरचं टेबल होतं. तसा काही हेतू नव्हता, सतरंजी अंथरायला दुसरीकडे जागाच नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझे यजमान साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला होते. घरचा कॉम्प्युटर त्यांनी सुटे भाग आणून स्वतः जुळवला होता. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून रविवारी त्यांनी त्यावर लिनक्स घातलं. जुनं विंडोज पुसलं, पण त्याआधी आमच्या सगळ्या फायली डिस्कच्या दुसऱ्या भागात हलवून ठेवल्या. इन्स्टॉलेशन नीट झालं, आता खरं काम पुढेच आहे, असं म्हणाले. एका वहीत त्यांनी पुढच्या कामांची यादी केली. पासवर्ड, माझ्यासाठी वेगळं खातं, पडद्यावरची चित्रं, दुसऱ्या भागातल्या फायली, फ्लॉपी, प्रिंटर, मराठी. पहिल्या दोहोंपुढे बरोबरची खूण होती. बुधवारी संध्याकाळी कारखान्यातून येताना मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची मोटारसायकल आदळली. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

तेराव्यानंतर सासूबाईंनी त्यांचा फोटो मॉनिटरवर ठेवला. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्या स्वतः पंधरा वर्षांपूर्वी याच खोलीत बसल्या होत्या. फोटोला हार घातला, पुढे समई ठेवली. त्याच दिवशी पुण्याहून माझ्या मार्गदर्शक बाईंचं पत्र आलं. सांत्वनाच्या चार ओळींखाली त्यांनी लिहिलं होतं, की एम. फिल.च्या प्रबंधाला यापुढे मुदतवाढ मिळणार नाही. छापील पानं तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारपर्यंत त्यांच्या हाती पडली, तर बांधणीपासूनचं सगळं त्या बघतील.

प्रबंध शेवगाव तालुक्यातल्या शेतांच्या नावांवर होता. प्रत्येक वावराला नाव असतं आणि ते नाव सातबाऱ्यावर नसतं, माणसांच्या तोंडी असतं. तीन वर्षं मी ती गोळा केली. निम्मी तर आत्याबाईंनीच सांगितली. यजमानांनी ते सगळं टाईप केलं. पहिली दोन प्रकरणं तेवढी माझ्याकडे कागदावर होती. बाकीची आम्ही दोघांनी पडद्यावरच दुरुस्त केली होती, आणि ती आता त्या डिस्कच्या दुसऱ्या भागात होती. कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. एम. फिल. झालं नाही, तर जूनपासून ते तासही दुसऱ्या कुणाला जाणार होते. मग त्या घरात मला या कोपऱ्याखेरीज जागा उरली नसती.

कारखान्यातले त्यांचे सहकारी भेटायला आले तेव्हा मी विचारून पाहिलं. लिनक्स त्यांच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. एक जण चांगल्या मनाने म्हणाला, वहिनी, मी सगळं फॉरमॅट करून पुन्हा विंडोज टाकून देतो. मी नको म्हटलं.

मशीन सुरू करायचं, तर फोटो हलवावा लागणार होता. आत्याबाई म्हणाल्या, “तिथनं काढू नगं. त्याची बसायची जागा हुती ती.” मी प्रबंधाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फोटो उचलला आणि शेजारच्या उभ्या डब्यावर ठेवायला लागल्या. “मंग ह्याच्यावर ठिवते. ह्याला तर काय करायचं न्हाई ना?” सगळं काम तोच डबा करतो, हे कळल्यावर त्या थोडा वेळ फोटो हातात धरून उभ्या राहिल्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला त्यांनी तो लावला.

दुपारी दोन ते चार बायकांची ये-जा थांबायची, आणि वीज असली तर तेवढाच वेळ माझा. काळा पडदा यायचा, नाव आणि पासवर्ड विचारायचा. ते दोन्ही वहीत होते. ते दिल्यावर पांढरी रेघ लुकलुकत राहायची. तिला माझ्याकडून काहीतरी हवं असायचं आणि ते काय, हे मला कळत नसायचं. यजमानांनी कारखान्यात छापून आणलेला इंग्रजी माहितीचा गठ्ठा होता. मी पुस्तकं वाचणारी बाई, म्हणून तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला. मधली पानं सोडून वाचणं मला कधी जमलं नाही.

यादीत पडद्यावरची चित्रं, म्हणजे विंडोजसारख्या खिडक्या आणि बाण, आधी होती, म्हणून मी आधी तीच घेतली. त्यासाठी मॉनिटरच्या वेगाचे आकडे भरायचे होते, आणि ते चुकले तर मॉनिटर जळू शकतो, असं गठ्ठ्यात लिहिलेलं होतं. मॉनिटरचं पुस्तक मिळालं नाही. सगळ्यांत कमी आकडे निवडले आणि डोळे मिटून बटण दाबलं. एकदा पडदा काळाच राहिला, एकदा तिरक्या रेघा धावल्या. पाचव्या दिवशी करडी जाळी आली आणि मधोमध फुलीसारखा एक बाण. मला वाटलं, झालं. पण मांडलेली जागा पडद्याहून मोठी होती. माऊस कडेला नेला की अख्खा पडदा सरकायचा आणि मघाशी दिसत होतं ते दिसेनासं व्हायचं. बाहेर पडायचं बटण कुठे तरी त्या न दिसणाऱ्या भागात असावं. मी कितीतरी वेळ त्या करड्या जागेत इकडून तिकडे फिरत होते. एवढ्याशा खोलीत बसून एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत अडकायचं, याचं मला तेव्हा हसूसुद्धा आलं नाही.

एका दुपारी शेजारच्या काकू वेळेआधीच आल्या. पडदा बघून दारातच थबकल्या आणि आत्याबाईंना म्हणाल्या, “अजून म्हैना न्हाई झाला, आन सून टीव्ही लावून बसली व्हय?”

आत्याबाई धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “टीव्ही न्हाई ती. माझी वावरं हायेत त्यात. अडकलीत.”

पुढे दुसऱ्या भागातल्या फायली. त्यासाठी एका फाईलमध्ये एक ओळ वाढवायची होती. यजमानांनी ती वहीत लिहूनच ठेवली होती. ओळ टाईप केली, पण ज्यात ती लिहायची त्या एडिटर नावाच्या प्रोग्रॅममधून बाहेर कसं पडायचं ते कळेना. जे दाबावं ते अक्षर होऊन उमटायचं. मी ‘बाहेर’ असंही रोमन अक्षरांत लिहून पाहिलं. चार वाजायला आले, बायका यायची वेळ झाली. शेवटी लोडशेडिंगने मला सोडवलं. वीज गेली, पडदा विझला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होताना अर्धा तास स्वतःला तपासत बसलं, आणि मी वाढवलेली ओळ कुठेच नव्हती.

गठ्ठ्यातलं ते प्रकरण तीनदा वाचल्यावर बाहेर पडायची रीत सापडली. एस्केप, मग अपूर्णविराम, मग दोन अक्षरं. त्या दिवशी डिस्कचा दुसरा भाग उघडला आणि आमच्या फायलींची यादी सरसर खाली आली. तारखेवरून शेवटची प्रत ओळखली. ती उघडली, तर पडद्यावर वेड्यावाकड्या खुणा, डोक्यावर टिंबं असलेली युरोपातली अक्षरं. आमचा मराठी फाँट विंडोजबरोबरच गेला होता. माझा प्रबंध समोर होता आणि त्यातला एकही शब्द मला वाचता येत नव्हता. नगरच्या एका टायपिंग सेंटरमध्ये तोच फाँट होता. फाईल फ्लॉपीवर घालून तिथे पोचवायची, एवढंच उरलं होतं. त्यासाठी चित्रांची गरजच नव्हती. काळ्या पडद्यावरून हे पहिल्याच दिवशी झालं असतं.

धाकटे दीर सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होते. गुरुवारी सुट्टीला घरी येत आणि संध्याकाळी परत जात. त्या गुरुवारी ते पिशवी घेऊन निघायला उभे असताना मी फाईल फ्लॉपीवर घातली. यादी काढून पाहिली, नाव दिसलं. बटण दाबून फ्लॉपी काढली आणि त्यांच्या हातात दिली. दुखवट्याच्या घरातून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही, घरचेही ‘या’ म्हणत नाहीत. माणूस बोलता बोलता उठतो आणि चालायला लागतो. तीन आठवडे सगळे असेच उठून जात होते. दीरही तसेच गेले. मग आठवडाभर माझ्याकडे वाट बघण्याखेरीज काम नव्हतं. मी मनातल्या मनात पानांचे आकडे मोजत राहिले.

पुढच्या गुरुवारी ते आले. चप्पल काढता काढता म्हणाले, “वहिनी, फ्लॉपी कोरी निघाली. सेंटरवाला म्हणला, नगरला हवा कमी हाय का, तुमी शेवगावची भरून आणली?”

मी फ्लॉपी घेतली, घालून पाहिली. खरंच कोरी होती. गठ्ठा पुन्हा उघडला. तिथे साधं लिहिलं होतं, की फ्लॉपीचा निरोप घेतल्याशिवाय ती काढू नये. लिनक्स लिहायचा मजकूर आधी स्वतःजवळ धरून ठेवतं, आणि ‘आता सुटं कर’ असं सांगितल्यावरच खरोखर लिहितं. मला दिसलेलं नाव फ्लॉपीवर नव्हतं, मशीनच्या मनात होतं. मी फ्लॉपी न सांगता उठवली होती.

या वेळी सगळं रीतीने केलं. सुटं कर म्हणून सांगितलं तेव्हा फ्लॉपीचा दिवा लागला आणि बराच वेळ खरखर आवाज येत राहिला. विझल्यावरही मी थांबले. पण दीर रात्रपाळीवर जाणार होते, पुन्हा यायला आठवडा लागणार होता, आणि मंगळवार तर पाच दिवसांवर आला होता. नगरला कुणीतरी सेंटरमध्ये बसून पानं छापून घ्यायला हवी होती आणि तिथूनच पुण्याला पाठवायला हवी होती. माझा सव्वा महिना भरायला आठवडा बाकी होता. मी म्हणाले, मीच जाते.

आत्याबाई म्हणाल्या, “तू न्हाई. मी जाते.”

मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं काय कळणार, वाचता येत नाही.

“मला कशाला वाचाया येया पाहिजे? त्यो सेंटरवाला वाचंल. माझी वावरं मला ठावं न्हाईत व्हय?”

शुक्रवारी सकाळच्या एसटीने त्या गेल्या. फ्लॉपी ओच्यात नको, वाकेल, म्हणून मी ती जुन्या पाटीपुस्तकाच्या पुठ्ठ्यात घालून दिली. पुण्याचा पत्ता लिहून दिला. दिवसभर मी कोपऱ्यात बसले होते. मशीन सुरू केलं नाही. दोन बायका येऊन गेल्या. मी काय बोलले, आठवत नाही. सेंटर बंद असेल, फाईल चुकीची असेल, आत्याबाईंना तो माणूस उभंही करणार नाही, असं एकेक मनात येत होतं. दार उघडं होतं आणि मला रस्त्यावरच्या सायकली दिसत होत्या. जे माझं होतं ते नगरला गेलं होतं, आणि मी तिथून उठू शकत नव्हते.

त्या सहाच्या सुमारास आल्या. पाय धुतले, पाणी प्यायल्या आणि पोस्टाची पावती माझ्या हातात दिली. सगळं छापलं होतं, गेलं होतं. सेंटरवाल्याला त्यांनी शेवटचं प्रकरण पडद्यावरून मोठ्याने वाचायला लावलं होतं. तो आधी कंटाळला, मग म्हणे त्यालाच गोडी लागली, त्याच्या गावच्या वावरांची नावं तोच सांगायला लागला. सांगता सांगता आत्याबाई थांबल्या.

“एक नाव म्या बदलून घेतलं,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कुठलं.

“वढ्याकडचा. बाईचा तुकडा म्हणून तुला सांगितल्याला. त्याचं खरं नाव रांडकीचा तुकडा. माझ्या चुलतसासूला पोटाला दिला हुता, तिचा मालक गेल्यावर. तवा तू नवी सून. तुझ्या तोंडावर ते नाव घ्यायला जीभ रेटंना.”

“मग आता?”

“आता तू बी तीच, आन मी बी तीच. कागदावर खोटं कशाला ठिवायचं?”

त्या उठून चुलीकडे गेल्या.

पुढच्या गुरुवारी मार्गदर्शक बाईंचं कार्ड आलं. पानं सोमवारीच मिळाली होती, बांधणीला देत होत्या. एकच शंका होती. एका शेताचं नाव प्रकरणात एक आणि मागच्या सूचीत दुसरं पडलं आहे, प्रकरणातलं जरा अप्रशस्त वाटतं, तर सूचीतलं दोन्हीकडे ठेवायचं का? माझा भाऊ दुसऱ्या दिवशी मला न्यायला येणार होता. मी कोपऱ्यातच बसून उत्तर लिहिलं आणि टाकायला आत्याबाईंकडे दिलं. प्रकरणातलं नाव बरोबर आहे, सूचीतलं बदलावं, असं लिहिलं होतं.